पसरला आहे का? थायरॉइडचा कर्करोग आणि लसिकाग्रंथींचा अंदाज

थायरॉइडचा पॅपिलरी कर्करोग झालेल्या रुग्णाचा गळा हातानं चाचपला तर मूळ गाठीखेरीज काही लागत नाही. सोनोग्राफीतही आजूबाजूच्या लसिकाग्रंथी स्वच्छ दिसतात. तरीही सर्जननं थायरॉइडबरोबर तिच्याभोवतीच्या लसिकाग्रंथी काढून पॅथॉलॉजिस्टकडे पाठवल्या, तर अशा रुग्णांपैकी साधारण एकतृतीयांश ते निम्म्या जणांच्या ग्रंथींत कर्करोगाच्या पेशी सापडतात. काही रुग्णालयांच्या अनुभवात हे प्रमाण याहूनही जास्त आहे. आणि याच रुग्णांच्या त्या ग्रंथी जागेवर राहू दिल्या असत्या, तरी त्यांतले बहुतेक जण तेवढेच जगले असते. ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत. ती एकत्र धरून निर्णय घेणं रुग्णाला जड जातं आणि डॉक्टरलाही. हे पुस्तक त्या निर्णयासाठी लिहिलं आहे.

पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, हे आपल्याकडे घराघरांत ठाऊक असतं. अवधाण म्हणजे सुजलेली लसिकाग्रंथीच. शरीराच्या त्या त्या भागातला लसिकाद्रव ठरलेल्या वाटेनं जवळच्या ग्रंथींकडे जातो आणि त्याच्याबरोबर जंतू जातात, तशा कर्करोगाच्या पेशीही जातात. थायरॉइडच्या कर्करोगांपैकी दहातले आठ किंवा त्याहून अधिक पॅपिलरी प्रकारचे असतात आणि त्यांची आवडती वाट हीच. फॉलिक्युलर प्रकार बहुधा रक्तातून हाडांकडे आणि फुप्फुसांकडे जातो. त्याचा विचार या पुस्तकात फारसा नाही.

थायरॉइडमधून लसिका पहिल्यांदा उतरते ती श्वासनलिकेच्या पुढच्या आणि दोन्ही बाजूंच्या ग्रंथींत. या पट्ट्याला सर्जन सहावी पातळी किंवा मध्यवर्ती भाग म्हणतात. तिथून ती मानेच्या कडेला, मोठ्या रक्तवाहिन्यांच्या सोबतीनं असलेल्या दुसऱ्या ते पाचव्या पातळीतल्या ग्रंथींत जाते. हा झाला सर्वसाधारण क्रम. पण गाठ थायरॉइडच्या वरच्या टोकाला असेल, तर पेशी मध्यवर्ती भाग ओलांडून थेट कडेच्या ग्रंथींत पोचू शकतात, कारण वरच्या टोकाची लसिका तिथल्या रक्तवाहिनीच्या कडेनं परस्पर वर आणि बाहेर जाते. म्हणून गाठ थायरॉइडमध्ये नेमकी कुठे आहे, हे सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहिलेलं असणं फार महत्त्वाचं आहे. प्रत्यक्षात कित्येक रिपोर्टांत फक्त 'उजवा भाग' किंवा 'डावा भाग' एवढंच असतं.

हा आजार ग्रंथींत किती शांतपणे राहू शकतो, याची साक्ष इतिहासातही आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत मानेच्या कडेला सापडणाऱ्या थायरॉइडसारख्या पेशींच्या गाठींना डॉक्टर जन्मतः भरकटलेली थायरॉइड समजत. रुग्ण वर्षानुवर्षं ठणठणीत असे, त्यामुळे हा कर्करोगाचा प्रसार असेल असं कुणाच्या मनात येत नसे. १९४०च्या दशकात पॅथॉलॉजिस्टांनी आणि सर्जनांनी अशा रुग्णांच्या थायरॉइडचे बारीक काप करून पाहिले, तेव्हा त्याच बाजूला बारीकशी मूळ गाठ सापडू लागली. आधी दुर्लक्ष झालं, मग भीती आली. पुढची काही दशकं मानेतलं सगळंच उपसून काढणाऱ्या मोठ्या शस्त्रक्रियांची होती. त्यांनी रुग्णाच्या खांद्याची ताकद गेली, मानेचा आकार गेला; आयुष्य मात्र त्या प्रमाणात वाढलं नाही.

शस्त्रक्रियेची किंमत समजण्यासाठी आणखी एका अवयवाची ओळख हवी. थायरॉइडच्या पाठीमागे तांदळाच्या दाण्याएवढ्या, बहुधा चार, परावटू ग्रंथी असतात. त्या रक्तातलं कॅल्शियम सांभाळतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या एका भारतीय गेंड्याचं विच्छेदन करताना रिचर्ड ओवेन यांना त्या प्रथम दिसल्या. माणसातलं त्यांचं वर्णन स्वीडनच्या इव्हार सँडस्ट्रॉम यांनी १८८०मध्ये केलं, तेव्हा ते वैद्यकाचे विद्यार्थी होते. मध्यवर्ती भागातल्या लसिकाग्रंथी काढताना याच दाण्यांचा रक्तपुरवठा तुटण्याची भीती असते, कारण दोन्ही एकाच चरबीत रुतलेल्या असतात. तो तुटला तर बोटांना मुंग्या येतात, हात वळतात आणि रोज कॅल्शियमच्या गोळ्या घ्याव्या लागतात, कधी काही आठवडे, कधी जन्मभर. आवाजाची नसही याच पट्ट्यातून वर चढते. शिक्षिका, कीर्तनकार, भाजी विकणारी बाई, कुणाचाही आवाज घोगरा झाला की रोजचं काम बदलतं. म्हणून 'काढूनच टाकू, काय बिघडतं?' हे वाक्य या भागाबद्दल बोलू नये.

मग आधीच कळत का नाही? मध्यवर्ती ग्रंथी सोनोग्राफीच्या दृष्टीनं वाईट जागी बसलेल्या आहेत. वर थायरॉइड, शेजारी श्वासनलिकेतली हवा, खाली छातीचं हाड. हवा आणि हाड ध्वनिलहरी पुढे जाऊ देत नाहीत. शिवाय कित्येक ग्रंथींतला प्रसार एक-दोन मिलिमीटरचा असतो. त्यानं ग्रंथीचा आकार बदलत नाही, पोतही बदलत नाही. त्यामुळे या भागातल्या प्रसारापैकी निम्म्याहून कमीच सोनोग्राफीत आधी दिसतो. मानेच्या कडेला चित्र बरंच बरं आहे. तिथे ग्रंथी गोल झालेली, तिच्या मधली चरबीची रेघ नाहीशी झालेली, आत चुन्याचे बारीक ठिपके किंवा पाण्याची पोकळी असलेली दिसली, की अनुभवी डॉक्टर सावध होतात.

आपल्याकडे इथे एक अडचण वाढते. गंडमाळा, म्हणजे मानेतल्या ग्रंथींचा क्षयरोग, अजूनही भारतात नेहमी दिसणारा आजार आहे. क्षयाच्या ग्रंथीही गोल होतात, आतून पोकळ होतात, जुन्या झाल्या की त्यांत चुना साठतो. लहानपणी गंडमाळा होऊन गेलेल्या बाईला पन्नाशीत थायरॉइडची गाठ निघाली, तर मानेच्या चित्रावरून नुसता अंदाज बांधणं धोक्याचं. यावर चांगला उपाय आहे आणि तो महागही नाही. संशयित ग्रंथीत सुई घालून पेशी काढल्यावर तीच सुई थोड्या सलाइननं धुवायची आणि त्या पाण्यात थायरोग्लोब्युलिन मोजायचं. हे प्रथिन थायरॉइडच्याच पेशी बनवतात. लसिकाग्रंथीत ते भरपूर सापडलं, तर थायरॉइडच्या पेशी तिथे पोचल्या आहेत असं समजायचं. दिसलेल्या ग्रंथीबद्दलचा प्रश्न यानं बहुतेक वेळा सुटतो. न दिसलेल्या ग्रंथीचा प्रश्न मात्र उरतो, आणि भाकिताचं सगळं शास्त्र त्या उरलेल्या प्रश्नाभोवती उभं आहे.

कुणाच्या ग्रंथींत छुपा प्रसार असण्याची शक्यता जास्त, याची यादी देशोदेशींच्या अभ्यासांत पुष्कळशी सारखी येते. गाठ एक सेंटिमीटरपेक्षा मोठी, एकाहून जास्त गाठी, थायरॉइडचं आवरण फोडून बाहेर आलेली गाठ, पुरुष आणि तरुण वय. बीआरएएफ नावाच्या जनुकातल्या बदलाचं नाव नेहमी घेतलं जातं, पण तो पॅपिलरी कर्करोगात इतक्या जणांत आढळतो की एकट्यानं फारसं वेगळेपण दाखवत नाही. स्वरयंत्राच्या समोर, मध्यरेषेवर असलेली डेल्फियन ग्रंथी बाधित निघाली, तर इतर ग्रंथीही बाधित असण्याचा संभव बराच वाढतो. पण ते कळतं ऑपरेशनच्या टेबलावर.

या यादीतल्या वयाबद्दल थांबून बोलायला हवं, कारण रुग्णांचा सर्वांत मोठा गैरसमज इथे होतो. तरुणांमध्ये प्रसार जास्त आढळतो, आणि तरुणच या आजारातून सर्वांत चांगले सुटतात. २०१८पासून वापरात आलेल्या अमेरिकी टप्पेवारीच्या आठव्या आवृत्तीत वयाची रेषा ४५वरून ५५वर नेली गेली. त्या हिशेबात ५५ वर्षांखालच्या रुग्णाच्या मानेतल्या ग्रंथी बाधित असल्या, पण दूरच्या अवयवांत काही नसलं, तर त्याचा टप्पा पहिलाच राहतो. स्तनाच्या किंवा तोंडाच्या कर्करोगाशी ज्यांच्या घराची ओळख झालेली असते, त्यांना हे पटत नाही. तिथे ग्रंथी बाधित होणं म्हणजे धोका बराच वाढणं, हे त्यांनी जवळून पाहिलेलं असतं. पंचवीस वर्षांच्या मुलीच्या आईला 'ग्रंथींत आहे, तरी पहिला टप्पा' हे समजावून सांगायला वेळ लागतो, आणि तो वेळ द्यायलाच हवा.

प्रसार हा एकच शब्द आपण किती वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरतो, हे अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांमधल्या आकड्यांवरून दिसतं. पाच किंवा त्याहून कमी ग्रंथी फक्त सूक्ष्मदर्शकाखाली बाधित निघाल्या, तर आजार उलटण्याचा संभव सुमारे ५ टक्के. पाचाहून जास्त असतील तर सुमारे २० टक्के. आधीच तपासणीत दिसलेला प्रसार असेल तरीही सुमारे २० टक्के. एखादी बाधित ग्रंथी तीन सेंटिमीटरहून मोठी असेल तर ३० टक्क्यांच्या आसपास, आणि तीनहून जास्त ग्रंथींचं आवरण फोडून पेशी बाहेर आल्या असतील तर ४० टक्क्यांच्या आसपास. ५ आणि ४० यांना एकाच 'हो'मध्ये कोंबणारं भाकीत कितीही अचूक असलं, तरी रुग्णाच्या उपयोगाचं नाही. या विषयावरचं संशोधन वाचताना मला हेच पुन्हा पुन्हा जाणवत राहिलं, आणि पुस्तकाची मांडणीही त्यावरूनच ठरली. प्रसार आहे का, एवढं विचारून भागत नाही. आहे तो या माणसाला त्रास देईल का, आणि आधी कळल्यानं आपण वेगळं काय करणार, हेही त्याच दमात विचारावं लागतं.

गेल्या दीड दशकात भाकीत करणारी सूत्रं आणि संगणकी प्रणाली मोठ्या संख्येनं प्रसिद्ध झाल्या. सुरुवातीच्या बहुतेक नोमोग्राम म्हणजे वय, लिंग, गाठीचा आकार यांना गुण देऊन बेरीज करणाऱ्या पट्ट्या होत्या. पुढे सोनोग्राफीच्या किंवा सीटी स्कॅनच्या चित्रातून डोळ्यांना न जाणवणारे शेकडो आकडे काढून शिकणारी यंत्रं आली. त्यांतलं काही काम खरोखर उत्तम आहे. पण अशा अभ्यासांत दोन दोष वारंवार दिसतात, ते वाचकानं ओळखायला शिकलं पाहिजे.

पहिला दोष वेळेचा. कित्येक सूत्रांत रक्तवाहिन्यांत किंवा आवरणात शिरलेल्या पेशींसारखी माहिती वापरलेली असते. ती मिळते थायरॉइड काढून, काप करून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर. निर्णय त्याआधी घ्यायचा असतो.

दुसरा दोष खोल आहे. यंत्राला शिकवायला 'हिच्यात प्रसार होता, हिच्यात नव्हता' अशी खात्रीची उत्तरं लागतात. ज्यांच्या ग्रंथी काढल्याच नाहीत, त्यांचं उत्तर कुणालाच माहीत नाही. ज्यांच्या दोनच काढल्या आणि त्या स्वच्छ निघाल्या, त्यांनाही 'प्रसार नाही' म्हणता येत नाही. तिसरी बाधित असू शकते. अमेरिकेतल्या राष्ट्रीय नोंदींवरून २०१६मध्ये केलेल्या एका हिशेबाप्रमाणे, छुपा प्रसार नाही असं ९० टक्के खात्रीनं म्हणायचं तर थायरॉइडमध्येच असलेल्या एक ते दोन सेंटिमीटरच्या गाठीसाठी ६, दोन ते चार सेंटिमीटरच्या गाठीसाठी ९ आणि त्यापुढच्या टी-३ टप्प्यासाठी १८ ग्रंथी तपासलेल्या असाव्या लागतात. कित्येक शस्त्रक्रियांत इतक्या निघत नाहीत. म्हणजे पुष्कळशी यंत्रं ज्या उत्तरपत्रिकेवरून शिकली, तिच्यातली काही उत्तरं चुकीची होती.

यांखेरीज जागेचाही प्रश्न आहे. यांतल्या बऱ्याच प्रणाली चीन, कोरिया आणि जपानमधल्या रुग्णालयांच्या नोंदींवर घडल्या, कारण तिथे पुष्कळ ठिकाणी खबरदारी म्हणून मध्यवर्ती ग्रंथी काढण्याची पद्धत आहे आणि त्यामुळे उत्तरं उपलब्ध आहेत. तीच प्रणाली दुसऱ्या लोकसमूहात नेली की काय होतं, ते साध्या गणितानं समजतं. समजा, एक प्रणाली १०० बाधितांपैकी ७५ ओळखते आणि १०० निरोगींपैकी ७५ जणांना बरोबर निरोगी ठरवते. जिथे १००पैकी ४० जणांत छुपा प्रसार आहे, तिथे ती ३० जणांना बरोबर पकडेल, १५ जणांना उगाच. पकडलेल्यांत दोनतृतीयांश खरे. जिथे प्रसार २० जणांतच आहे, तिथे १५ खरे आणि २० खोटे. यंत्र तेच, पण आता त्याचा 'हो' बरोबर असण्यापेक्षा चूक असण्याचीच शक्यता जास्त. म्हणून एखाद्या प्रणालीच्या जाहिरातीत अचूकतेचा नुसता एक आकडा दिसला तर तो कुठल्या रुग्णांवर मोजला, हे विचारावं. आणि ती '३० टक्के' म्हणते तेव्हा तशा शंभर जणांत खरोखर तिसाच्या आसपास निघतात का, हेही पाहावं. हवामान खात्याच्या पावसाच्या अंदाजावर आपण अशीच मोजणी करून विश्वास ठेवतो.

भाकीत नेमकं असेल तर काय साधतं, हे मेड्युलरी कर्करोगात दिसतं. हा थायरॉइडच्या वेगळ्या पेशींतून उगवतो आणि कॅल्सिटोनिन नावाचं संप्रेरक रक्तात सोडतो. जर्मनीतल्या हाले इथल्या मखेन्स आणि ड्राले यांनी २०१०मध्ये ३०० रुग्णांवरून दाखवलं, की ऑपरेशनपूर्वीचं कॅल्सिटोनिन मिलिलिटरला २० पिकोग्रॅमच्या वर गेलं की गाठीच्या बाजूच्या ग्रंथींत प्रसार दिसू लागतो, ५०च्या वर विरुद्ध बाजूच्या मध्यवर्ती भागात, आणि २००च्या वर विरुद्ध कडेलाही. रक्ताच्या एका तपासणीवरून शस्त्रक्रियेची व्याप्ती ठरवायला मदत होते. पॅपिलरीत असं का जमत नाही? त्याचं प्रथिन थायरोग्लोब्युलिन निरोगी थायरॉइडही बनवते, त्यामुळे थायरॉइड जागेवर असेपर्यंत रक्तातला तो आकडा प्रसाराबद्दल बोलत नाही. थायरॉइड पूर्ण काढली की तोच आकडा पाठपुराव्यात फार मोलाचा ठरतो.

पॅपिलरीत भाकिताचं ओझं किती असावं, याबद्दल दोन अभ्यास मला सर्वांत बोलके वाटतात. पहिला इटलीतल्या पिसाचा, २०१५चा. ज्यांच्या ग्रंथी तपासणीत स्वच्छ होत्या अशा १८१ रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत वाटलं. एका गटाची फक्त थायरॉइड काढली, दुसऱ्याची मध्यवर्ती ग्रंथींसह. ग्रंथी काढलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत प्रसार निघाला. पाच वर्षांनंतर आजाराच्या दृष्टीनं दोन्ही गट सारखेच होते. कॅल्शियमचा कायमचा त्रास ग्रंथी काढलेल्यांत जास्त होता, तर किरणोत्सारी आयोडीनच्या जास्त फेऱ्या दुसऱ्या गटात लागल्या. हा शेवटचा मुद्दा सांगायचा राहून जातो. मुंबईत परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३पासून आहे आणि थायरॉइडच्या रुग्णांना तिथे आयोडीनचा उपचार मिळत आला आहे. पण आठशे किलोमीटरवरून येणाऱ्या, उपचारानंतर काही दिवस तान्ह्या बाळापासून दूर राहावं लागणाऱ्या आईसाठी आयोडीनची एक फेरी वाढणं ही किरकोळ गोष्ट नाही. सर्जनांची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे: आजार त्याच पट्ट्यात उलटला, तर वणानं चिकटलेल्या जागेत दुसऱ्यांदा जाणं पहिल्यापेक्षा अवघड असतं.

दुसरा अभ्यास जपानच्या कोबे शहरातला. कुमा रुग्णालयात अकिरा मियाउची यांच्या प्रस्तावावरून १९९३पासून एक सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींवर लगेच शस्त्रक्रिया न करता नजर ठेवली जाऊ लागली. २०१४मध्ये त्यांनी १,२३५ रुग्णांचा हिशेब मांडला: दहा वर्षांत ३.८ टक्के जणांच्या ग्रंथींत नव्यानं प्रसार दिसला. ज्यांची नंतर शस्त्रक्रिया झाली, त्यांच्यापैकी कुणीही या आजारानं दगावलं नाही. या छोट्या गाठींतही सूक्ष्म प्रसार पुष्कळ असतो, हे आधी माहीत होतं. त्यातला फारच थोडा कधी डोकं वर काढतो, हे कोबेनं वाट पाहून दाखवलं. इथेही आजार पुढे सरकण्याचं प्रमाण तरुणांत जास्त होतं.

पुढच्या प्रकरणांत सोनोग्राफी, सुईची तपासणी, जनुकं, नोमोग्राम आणि शिकणारी यंत्रं यांचा क्रमानं विचार केला आहे. गणिताचं प्रकरण वगळून वाचलं तरी चालेल, पण यंत्रांचं प्रकरण वाचायचं असेल, तर त्याआधी ते वाचावं असा माझा आग्रह आहे. रुग्णांनी आणि त्यांच्या घरच्यांनी थेट चौथ्या प्रकरणापासून सुरुवात करायला हरकत नाही.

भारतीय रुग्णांसाठी खात्रीचं सूत्र बनवायचं तर भारतीय नोंदी लागतील, आणि त्या यंत्रांच्या आधी कागदावर तयार व्हाव्या लागतील. किती ग्रंथी काढल्या, कुठल्या पातळीच्या, किती बाधित, सर्वांत मोठा बाधित भाग किती मिलिमीटरचा, ग्रंथीचं आवरण फुटलं होतं का: पॅथॉलॉजीच्या रिपोर्टात एवढं नेमानं लिहिलं, तर पाच टक्क्यांचा रुग्ण आणि चाळीस टक्क्यांचा रुग्ण वेगळे ओळखता येतात, आजच्या उपचारासाठीही आणि उद्याच्या अभ्यासासाठीही. त्याला जिल्ह्याच्या ठिकाणची प्रयोगशाळा पुरते. असा रिपोर्ट कसा लिहावा, त्याचा एक पानाचा नमुना परिशिष्टात दिला आहे. तो कुणीही छापून वापरावा.